शेतात रोही, रानडुक्कर किंवा हरिण शिरले तर: भरपाई आणि परवान्याची रीतसर वाट

हरभऱ्याला घाटे लागले की आमच्या मुक्ताईनगर-बोदवड पट्ट्यात रात्रीची राखण सुरू होते. राखणीला बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, की या जनावरांना मारण्याची परवानगी मिळते म्हणतात, ती नेमकी कोण देतो आणि कशी मिळते. मी या कामासाठी वन खात्याच्या पायऱ्या चढलो आहे, एकदा रिकाम्या हाताने परत आलो आहे आणि पुढच्या खेपेला कागद बरोबर नेल्यामुळे भरपाईही घेतली आहे. पहिल्यांदाच या वाटेला लागणाऱ्या शेतकऱ्याचे हेलपाटे वाचावेत, एवढ्यासाठी हे लिहिले आहे. सुरुवातीलाच सांगतो की परवाना आणि भरपाई या दोन वेगळ्या वाटा आहेत. बहुतेकांना गरज भरपाईची असते, पण ते धावतात परवान्याच्या मागे.

१. आधी जनावर ओळखा

कायद्याच्या दृष्टीने सगळी हरणे सारखी नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम ९ ने शिकारीवर बंदी घातली आहे आणि त्या बंदीतून वाट काढून देणारे कलम ११ आहे. मात्र ती वाट प्राणी कोणत्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या कोणत्या यादीत आहे, यावर ठरते. काळवीट आणि चिंकारा अनुसूची १ मध्ये येतात. त्यांनी शेत कितीही खाल्ले तरी पिकाच्या नुकसानीच्या कारणावरून त्यांना मारण्याची परवानगी मिळू शकत नाही. त्यासाठी तो प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झालेला असावा लागतो, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगी असावा लागतो, आणि तो निर्णयही केवळ राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक घेतात. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहेत. या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो. ठिपक्यांचे हरिण, म्हणजे चितळ, हेही अनुसूची २ मध्येच आहे, परंतु महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये शेतकऱ्यांसाठी जी सोपी कार्यपद्धती ठरवून दिली, ती रोही आणि रानडुक्कर या दोघांपुरती आहे. त्यामुळे अर्जात नुसते ‘हरिण’ असे लिहिल्यास तो अर्ज त्याच टेबलावर अडकतो.

येथे एक जुना सापळा आहे. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या अर्जाच्या नमुन्यात ‘अनुसूची ३ मधील प्राणी’ असे छापलेले असते, कारण रोही आणि रानडुक्कर पूर्वी त्या अनुसूचीत होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहाच्या जागी चार अनुसूची राहिल्या आणि आता अनुसूची ३ मध्ये वनस्पती आहेत. मी तोच जुना नमुना भरून दिला होता. कारकुनाने हसून विचारले, “आबा, झाडाने शेत खाल्ले का?” तेव्हा राग आला, पण चूक माझीच होती.

रात्री जनावर दिसतेच असे नाही, म्हणून सकाळी माग वाचावा लागतो. पाणी भरलेल्या वाफ्याच्या कडेला, जिथे माती ओली असते, तिथे पाहावे. रानडुकराच्या खुराच्या मागे दोन्ही बाजूंना दोन लहान ठसे उमटलेले दिसतात, ती त्याची मागची नखे असतात. शिवाय नांगराने फाडल्यासारखी उकरलेली जमीन हीच त्याची सही असते. रोहीचा खूर मोठा असतो, दोन लांबट फाकांचा, आणि रोही एका जागी वारंवार लेंड्या टाकतो, त्यामुळे बांधाजवळ जुन्या-नव्या लेंड्यांचा ढीग सापडतो. काळविटाचा खूर बकरीएवढा, पुढे टोकदार असतो. मका आडवा पाडून कणसे चावलेली असतील तर बहुधा डुकरे, आणि हरभऱ्याचे शेंडे वरच्या वर खुडल्यासारखे दिसत असतील तर रोही किंवा हरिण, असा आमचा अनुभव आहे. तरीही केवळ अनुभवावर न जाता ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढावा, म्हणजे आकार कळतो.

२. त्याच दिवशी तक्रार द्या, आणि शेताला हात लावू नका

भरपाईसाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत तक्रार जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपाल यांच्याकडे पोचली पाहिजे. तीन दिवस हे ऐकायला पुष्कळ वाटतात, पण त्यात रविवार येतो, लग्न येते, मजुरांची मजुरी चुकवायची असते. पहिल्या वर्षी मी दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी खराब झालेल्या पट्ट्यात वखर घातला आणि चौथ्या दिवशी कार्यालयात गेलो. दाखवायला काही उरलेच नव्हते, आणि मुदतही गेली होती. आडवे पडलेले ताट, उकरलेली माती, अर्धवट चावलेली कणसे हेच आपले पुरावे असतात. त्यांना पंचनामा होईपर्यंत जागचे हलवू नये, गुरेही त्या तुकड्यात सोडू नयेत.

तक्रार कोणत्या कार्यालयात द्यायची, यात जळगाव जिल्ह्यातला नवखा माणूस हमखास चुकतो. जिल्हा एक असला तरी वनविभाग दोन आहेत. तापीच्या उत्तरेकडचा सातपुड्याला लागून असलेला चोपडा, यावल, रावेरचा भाग यावल वनविभागाकडे जातो आणि दक्षिणेकडचे तालुके जळगाव वनविभागाकडे. धुळे आणि नंदुरबारचे वनविभाग वेगळे आहेत, आणि तळोद्याकडच्या भागासाठी मेवासी वनविभाग आहे. आपले गाव कोणत्या वनक्षेत्रात आणि कोणत्या बीटमध्ये, म्हणजे कोणत्या वनरक्षकाच्या हद्दीत, येते, हे पोलीस पाटलांना किंवा वनरक्षकाला विचारून हंगामाच्या आधीच वहीत लिहून ठेवावे. कोणाचाच फोन लागत नसेल तर वन खात्याच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर नोंद करावी. कार्यालयात लेखी अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नये. ‘ठेवा, साहेब आले की देतो’ हे उत्तर म्हणजे पोच नव्हे.

३. कागद जमवा

पुढील कागद एका पिशवीत कायम तयार असावेत, कारण पंचनाम्याच्या दिवशी ते शोधायला वेळ मिळत नाही.

• चालू सातबारा आणि आठ-अ उतारा
• आधार कार्ड आणि आधार जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाची प्रत
• नुकसानीचे फोटो, शक्यतो तारीख आणि ठिकाण दाखवणारे
• खाते सामायिक असल्यास इतर खातेदारांचे संमतीपत्र
• परवान्याच्या अर्जासाठी बंदूक चालवणाऱ्याच्या शस्त्र परवान्याची प्रत

यातला सातबारा सर्वांत जास्त दगा देतो. आपल्याकडे कपाशी उपटून त्याच रानात हरभरा किंवा मका टाकतात, आणि रब्बीची ई-पीक पाहणी करायची राहून जाते. मग उताऱ्यावर कापूस आणि शेतात हरभरा, अशी स्थिती होते. अशा वेळी भरपाई कोणत्या पिकाची द्यायची, हा प्रश्न अधिकाऱ्याने विचारला तर त्याला दोष देता येत नाही. पेरणी झाली की मोबाइलवर पीक पाहणी नोंदवून टाकावी. निम्म्या हिश्शाने शेत करणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे की पैसे सातबारावरच्या नावाने जातात, म्हणून मालकाशी बोलणे पेरणीपूर्वी झालेले बरे.

काही शेतकरी मुळातच पात्र ठरत नाहीत, हेही कोणी सांगत नाही. वनजमिनीवरील अतिक्रमणाच्या शेतीला ही भरपाई मिळत नाही. वन किंवा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा नोंद असलेल्या अर्जदाराला, तसेच चारपेक्षा जास्त गुरे जंगलात चरायला सोडणाऱ्या कुटुंबालाही ती नाकारली जाते.

४. पंचनाम्याला स्वतः उभे राहा

पंचनाम्याला वन खात्याचा माणूस, कृषी सहायक आणि तलाठी किंवा ग्रामसेवक असे एकत्र येतात. या तिघांची वेळ जुळवणे हेच या प्रक्रियेतले सर्वांत अवघड काम आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. फोन आपण करावेत, लाजू नये. ते येतील त्या दिवशी शेताच्या चारी बाजू त्यांच्याबरोबर फिराव्यात, केवळ रस्त्याकडचा तुकडा दाखवून चहा प्यायला बसू नये.

मोजमाप आपण एकरात बोलतो आणि पंचनामा हेक्टर-आरमध्ये लिहिला जातो. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा आणि एका एकरात चाळीस गुंठे, एवढे लक्षात ठेवले तरी आकडा लिहिताना लक्ष ठेवता येते. माझ्या शेजाऱ्याच्या पंचनाम्यात ‘०.२० हे.’ ऐवजी ‘०.०२ हे.’ लिहिले गेले होते. म्हणजे वीस आरचे दोन आर झाले आणि त्याने न वाचता सही केली. सही करण्यापूर्वी गट क्रमांक, पीक, क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी आणि प्राण्याचे नाव या पाच गोष्टी मोठ्याने वाचून घ्याव्यात आणि पंचनाम्याचा मोबाइलवर फोटो काढावा. काळवीट किंवा चितळाने केलेल्या नुकसानीलाही भरपाई मिळते, मारण्याची परवानगी २०१५ च्या सोप्या कार्यपद्धतीने मिळत नसली तरी. त्यामुळे परवाना मिळावा या आशेने हरणाला रोही म्हणून लिहून घेण्यात काहीच फायदा नाही, उलट ठसे जुळले नाहीत तर सगळा अर्ज संशयात येतो.

५. परवान्याचा अर्ज

रोही किंवा रानडुक्कर वारंवार येत असतील आणि हाकलूनही थांबत नसतील, तरच ही पायरी चढावी. अर्ज वनक्षेत्रपालांच्या नावाने करावा. त्यात गाव, गट क्रमांक, चतुःसीमा, पीक, प्राण्याचे नाव, अंदाजे संख्या, कोणत्या तारखांना नुकसान झाले आणि ते थांबवण्यासाठी आपण काय काय केले, हे क्रमाने लिहावे. शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात. कायदा आदेशात कारणे लिहायला सांगतो, म्हणून आपण कारणे पुरवली तर आदेश लिहिणे सोपे जाते. फटाके, राखण, कुंपण, झालेल्या तक्रारींचे आवक क्रमांक हे सगळे त्यात यावे.

बंदूक कोण चालवणार, हे अर्जातच स्पष्ट लिहावे. शस्त्र अधिनियम, १९५९ याप्रमाणे पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय आहे. ज्याच्याकडे तो आहे त्याचे नाव, परवाना क्रमांक, मुदत आणि त्या परवान्याचे क्षेत्र तपासून घ्यावे. दुसऱ्या जिल्ह्यातला हौशी बंदूकवाला पाहुणा बोलावून ‘चालते’ असे कोणी म्हणाले, तर ऐकू नये. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका बहुधा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. एका हंगामात आमच्या गावातील अर्ज अगदी त्याच आठवड्यात मंजूर झाला आणि बंदूक ठाण्याच्या कपाटात होती. त्यामुळे निवडणुकीचे वर्ष असेल तर कुंपणाचा विचार आधी करावा.

याच टप्प्यावर दोन समज फार नुकसान करतात. पहिला असा की अर्ज देऊन चोवीस तास झाले की परवानगी मिळालीच असे धरायचे. चावडीवर हे मोठ्या खात्रीने सांगितले जाते. माझा सल्ला असा, की सही-शिक्क्याचा लेखी परवाना हातात पडल्याखेरीज बंदुकीला हात लावू नये, कारण पुढे गुन्हा नोंदला गेला तर चावडीवरचा माणूस साक्षीला येत नाही. उत्तर येत नसेल तर त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन उपवनसंरक्षकांकडे लेखी स्मरणपत्र द्यावे. दुसरा समज बातम्यांतून येतो. केंद्र सरकारने २०१५ च्या अखेरीस बिहारमधील काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर यांना एका वर्षासाठी उपद्रवी घोषित केले होते आणि २०१६ मध्ये मोकामा भागात रोही मारल्याच्या बातम्या देशभर झाल्या. ती अधिसूचना त्या जिल्ह्यांपुरती आणि त्या मुदतीपुरती होती. तिच्या आधारावर तापीकाठी कोणाला काही करता येत नाही.

६. परवाना मिळाल्यावर

परवाना शांतपणे दोनदा वाचावा. कोणता प्राणी, किती, कोणत्या गटात, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाच्या हातून, या पाचही गोष्टी त्यात असतात आणि त्यातली एक जरी ओलांडली तरी परवानगीचे संरक्षण उरत नाही. रोहीचा परवाना असताना धुक्यात काळविटावर गोळी गेली, तर ती अनुसूची १ मधील प्राण्याची शिकार ठरते. त्यासाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. इतर प्राण्यांच्या बाबतीतही तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मादी रोही तपकिरी असते, तिला शिंगे नसतात आणि दुरून ती काळविटाच्या मादीसारखी भासते, फक्त आकाराने पुष्कळ मोठी असते. उजेड पुरेसा नसेल तर त्या दिवशी घरी यावे.

जनावर वनहद्दीत शिरले की पाठलाग थांबवावा. ज्यांची शेते यावल किंवा अनेर धरण अभयारण्याला, चाळीसगावकडे गौताळ्याला किंवा आमच्याकडच्या मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्राला लागून आहेत, त्यांनी अर्ज करण्याआधीच हद्द नकाशावर पाहून घ्यावी. मुक्ताई-भवानीच्या परिसरात वाघ आहेत, हे येथे राहणाऱ्याला सांगायला नको, पण परगावाहून आलेल्या बंदूकधाऱ्याला मात्र सांगावे.

७. जनावर मेल्यानंतर

परवान्याने मारलेला प्राणीही सरकारची मालमत्ता असतो. त्याचे मांस, कातडे, सुळे, शिंग यांपैकी काहीही घरी नेता येत नाही, वाटता येत नाही आणि विकता येत नाही. ताबडतोब वनरक्षकाला कळवावे, पंचनामा होईपर्यंत तिथे थांबावे आणि विल्हेवाट त्यांच्यासमोर लावावी. रानडुकराच्या बाबतीत मोह होतो हे मी जाणतो, परंतु एका जेवणासाठी सगळे गाव साक्षीदार होते. सातपुड्यात फिरताना सांबराचे गळून पडलेले शिंग सापडले तरी तेही उचलून दिवाणखान्यात लावू नये.

८. जे कधीच करू नये, आणि त्याऐवजी काय करावे

शेताभोवती तार ओढून तिच्यात थेट लाइनची वीज सोडणे हा या भागातला सर्वांत जीवघेणा प्रकार आहे. त्यात डुकराआधी पाणी भरायला निघालेला शेजारी मरतो. शिवाय त्या तारेला काळवीट किंवा बिबट्या चिकटला तर परवान्याचा प्रश्नच राहत नाही, सरळ शिकारीचा गुन्हा लागतो आणि वीजचोरीचा वेगळा. फासे लावणे, पिठाच्या गोळ्यात स्फोटक घालणे आणि विष टाकणे हेही कायद्याने शिकारच आहे.

त्याऐवजी सौर कुंपण घ्यावे. त्यातून क्षणभराचा झटका बसतो, जीव जात नाही. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून यासाठी अनुदान मिळते, त्याची चौकशी वनपालांकडे किंवा गावच्या समितीकडे करावी. सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर असावी, नाहीतर डुक्कर खालून शिरते, आणि वरची तार रोहीच्या उडीचा विचार करून ओढावी. बॅटरी बसवल्यावर पहिल्या पावसातच आमचे कुंपण निकामी झाले आणि आम्ही दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. बांधावरचे गवत वाढून तारेला टेकले होते आणि सगळा झटका जमिनीत उतरत होता. तेव्हापासून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तारेखालचे गवत विळ्याने कापतो, आणि कापण्यापूर्वी यंत्राचे बटण बंद केले आहे ना, हे स्वतः जाऊन पाहतो.